नेब्रास्कातली १६० एकर: एका निवृत्त मोजणीदाराला दिसलेली अमेरिका

साखळीवाला (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, मुलाकडे नेब्रास्कात लिंकनला आहे. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं, भांडी यंत्रात लावायची आणि उरलेला दिवस खिडकीतून बाहेर बघायचं, एवढाच उद्योग. त्यामुळे हे लांबण लावतोय. कंटाळा आला तर खाली सरकवा.

विमान उतरायला लागलं तेव्हा खाली पाहिलं आणि वाटलं, कुणीतरी गणिताची चौकटीची वही उघडी टाकून गेलंय. नजर जाईल तिथपर्यंत चौकोन. मी ३४ वर्षं मोजणी खात्यात काढली. आपला गावनकाशा कसा असतो? आटलेल्या तळ्याला भेगा पडाव्यात तसा. ओढा वळला की बांध वळतो, भाऊ वेगळे झाले की पट्टी पडते. आधी शेत, मग वहिवाट, मग भांडण आणि सगळ्यात शेवटी आम्ही साखळी घेऊन. इथे मात्र आधी रेघा मारल्या आणि माणसं मागाहून आली.

या रेघांचा कायदा २० मे १७८५ चा. मैलभर बाजूचा एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकर. असे ३६ चौकोन मिळून सहा मैल बाजूचा टाउनशिप. क्रमांक टाकायची पद्धत तर मला फारच आवडली. ईशान्य कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग ६ च्या खाली ७ आणि उलट पूर्वेकडे. म्हणजे नांगर जसा तास घालून वळतो आणि परत येतो, तसाच. सोळावा सेक्शन शाळेसाठी राखीव.

आणि सेक्शनचा चौथा हिस्सा १६० एकर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं रामायण त्याचंच आहे.

बरोबर ७७ वर्षांनी, पुन्हा २० मे लाच, १८६२ साली अब्राहम लिंकननी होमस्टेड कायद्यावर सही केली. वय २१ पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, देशाचा नागरिक किंवा नागरिक व्हायचा अर्ज केलेला, आणि सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेला. असा कुणीही अर्ज करून १६० एकर धरू शकत होता. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, दोन साक्षीदार आणायचे. सगळी फी धरून १८ डॉलर. तोवर ती जमीन आपल्या भाषेत भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी), पाच वर्षांनी वर्ग १ (पूर्ण मालकीची). पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरायचा आणि मोकळं व्हायचं.

मागच्या रविवारी मुलगा पहिल्या अर्जदाराच्या जमिनीवर घेऊन गेला. गावाचं नाव स्पेलिंगप्रमाणे बिआट्रिस, पण तिथे तसं म्हटलं की लोक हसतात; ते मधल्या ॲवर जोर देऊन 'बीॲट्रिस' म्हणतात. गावाच्या पश्चिमेला चारेक मैलांवर डॅनियल फ्रीमनची १६० एकर आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, म्हणजे स्मारकच, आहे. या माणसाने १ जानेवारी १८६३ ला, म्हणजे कायदा लागू झाला त्या मध्यरात्री, ब्राउनव्हिलचं जमीन कार्यालय उघडायला लावून अर्ज दिला असं सांगतात. मला त्या मध्यरात्रीपेक्षा त्या कार्यालयातल्या कारकुनाचं जास्त वाटलं. नववर्षाची रात्र, आणि हा दारात उभा.

तिथे जमिनीचा आकार बघितला आणि मी जागीच थांबलो. चौकोन नाहीच! मोजणीतला पत्ता: सेक्शन २६, टाउनशिप ४ उत्तर, रेंज (टाउनशिपची उभी रांग) ५ पूर्व. चाळीस-चाळीस एकरांचे तीन तुकडे एका ओळीत, आणि मधल्याच्या डोक्यावर चौथा. उलटा टी. कारण तिथून कब क्रीक नावाचा ओढा जातो. फ्रीमनने चौकोनाच्या नियमात राहूनच पाणी आणि ओढ्याकाठची झाडं जास्तीत जास्त कवेत घेतली. असा अर्जदार आमच्या कार्यालयात आला असता तर आम्ही त्याला खुर्ची दिली असती.

कोरडवाहू:

काका, लिहीत राहा. सातबारा वाचून दाखवावा तशी अमेरिका पहिल्यांदाच वाचतोय.

पण मी माण तालुक्यातला, त्यामुळे माझा प्रश्न एकच: पाऊस किती? १६० एकर ऐकून डोळे पांढरे झाले, पण आमच्याकडे १६० एकर फोंडा माळ असला तरी पोराला मुलगी देताना विचार करतात.

उगाच_शंका:

मला वाटलं काउबॉय, पिस्तुलं, सोनं असं काही असेल. धागा उघडला तर तलाठी कार्यालय निघालं. 😀

साखळीवाला:

@उगाच_शंका, पिस्तुलं दोन टक्के आणि अर्ज, नोटिसा, तक्रारी अठ्ठ्याण्णव टक्के असावं असा माझा अंदाज आहे. स्मारकात काचेखाली कागदच जास्त आहेत. फ्रीमनने पाच वर्षांनी दिलेला पुरावा तर आपल्या पंचनाम्याची सख्खी बहीण. घर १४ बाय २० फूट, काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं. दोन दारं, दोन खिडक्या. ३५ एकर नांगरलेली. मेंढ्यांसाठी १०० फूट लांब छपरी. सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची चारशेच्या आसपास. 'आसपास' वाचून बरं वाटलं. पंचांनी झाडं मोजायचा कंटाळा केला, हे जगात सगळीकडे सारखंच.

@कोरडवाहू, मुद्द्याला हात घातलात. उत्तर मोठं आहे, रात्री लिहितो.

ओमाहाकरीण:

मी इथेच नेब्रास्कात, ओमाहात १२ वर्षं आहे. काका, पुढच्या वेळी जरूर कळवा, पोहे पक्के.

बीॲट्रिसला बाहेरची ती भिंत पाहिलीत का? प्रत्येक राज्याच्या आकाराचा पत्रा, आणि त्या राज्याची जितकी जमीन होमस्टेडमध्ये गेली तितका चौकोन कापून काढलेला. नेब्रास्काच्या पत्र्याला जवळपास अर्ध्याचं भोक आहे, ४५ टक्के. सगळी मिळून २७ कोटी एकर जमीन या कायद्याने वाटली गेली, देशाचा दहावा हिस्सा. १८६२ पासून मूळ मुलुखात १९७६ पर्यंत आणि अलास्कात १९८६ पर्यंत हा कायदा चालू होता, हे मला तिथेच कळलं. आम्ही भारतात रंगीत टीव्हीवर रामायणाची वाट बघत होतो तेव्हा अलास्कात लोक फुकट जमीन घेत होते!

चुलीपाशी:

मला त्या १४ बाय २० च्या आत डोकवायचंय. झाडं नसलेल्या माळावर या बायका राहत कशा होत्या, स्वयंपाक कशावर करत होत्या?

ओमाहाकरीण:

@चुलीपाशी, सांगते, हा माझा लाडका विषय. ओंडक्यांची घरं ओढ्याकाठच्या नशीबवानांची. बाकीच्यांची घरं मातीची, पण विटा करून नाही. इथल्या गवताची मुळं इतकी खोल आणि गच्च की नांगराने पट्टा सोलला तर तो गालिच्यासारखा अखंड निघतो. फूट-दीड फूट रुंद, चारेक इंच जाड. कुदळीने त्याचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून भिंतीत रचायचे. लोक थट्टेने त्याला नेब्रास्काचा संगमरवर म्हणत. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब. पण पाऊस आला की बाहेर थांबल्यावरही आत दोन दिवस गळत राहणार. छतातून माती, किडे, कधी साप. म्हणून बायका छताखाली स्वस्त मलमल ताणून बांधायच्या.

आणि चूल? लाकूड नाही, कोळसा नाही. बायका पदरात, म्हणजे त्यांच्या एप्रनमध्ये, गव्यांच्या वाळलेल्या शेणाच्या चकत्या गोळा करायच्या. सुरुवातीला दोन काड्यांनी उचलायच्या, मग फडक्याने, मग हाताने. शेवटी शेकोटीत चकती टाकून त्याच हाताने कणीक मळायच्या.

चुलीपाशी:

अगं म्हणजे रानशेण्या! माझं आजोळ जालन्याकडे, धाब्याचं घर. पावसाळ्यापूर्वी मामा वर खारी माती टाकायचे, तरी एका कोपऱ्यात पातेलं ठेवावं लागायचंच. आजीच्या पाटावर छतातून विंचू पडला होता तो प्रसंग घरात अजून सांगतात. मलमल ताणायची युक्ती आजीला सुचली असती तर!

बायकांच्या नावावर जमीन व्हायची का?

ओमाहाकरीण:

अविवाहित, विधवा, घटस्फोटित असेल तर हो, स्वतःच्या नावावर. लग्न झालेली असेल तर नाही, कुटुंबप्रमुख नवरा. त्यामुळे कित्येक शिक्षिका आधी अर्ज करून दाव्याची मुदत पूर्ण करत आणि मग लग्न. कागद हातात आल्यावर नवरा.

फ्रीमनची बायको ॲग्नेस ही आधी त्याच्या भावाची वाग्दत्त होती. भाऊ अमेरिकेच्या यादवी युद्धात कामी आला, यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १८६५ मध्ये लग्न. त्या ओसाडीत ती आली ती पत्रांच्या भरवशावर.

वऱ्हाडी_ठेचा:

साखळीवाले काका, एक गोष्ट राहून गेली. हा कायदा १८६२ लाच का झाला? त्याआधी दोन वर्षं असाच कायदा मंजूर झाला होता, तर राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅननने नाकारला. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना फुकटातले छोटे शेतकरी नको होते, कारण ते गुलाम ठेवणार नाहीत आणि नवी राज्यं उत्तरेच्या बाजूला जातील. १८६१ ला दक्षिण फुटून निघाली, यादवी युद्ध पेटलं, सभागृहात विरोध करायला माणूसच उरला नाही, अन् कायदा पास.

आता आमच्याकडे या. त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि वऱ्हाड-खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माझे पणजोबा सांगत, बैलाच्या शिंगाला चांदी लावली होती म्हणे. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत शेअरबाजार बुडाला. म्हणजे लिंकनच्या एकाच युद्धाने तिकडे नेब्रास्काचा शेतकरी उभा केला आणि इकडे आमचा आधी चढवला मग आपटला. १८७५ ला सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या त्याच्या मुळाशी हा धूर होताच. एकटा तो नव्हता, हे कबूल, सारावाढ होतीच.

ग्रंथकिडा:

अजून एक धागा जोडतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पुण्यात बसून अमेरिकेच्या त्या बाजूकडे इतक्या बारकाईने बघणारा दुसरा माणूस तेव्हा सापडणं कठीण.

आणि नेब्रास्काशी संबंध नसला तरी ओरेगॉनशी आहे: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. पश्चिमेच्या त्याच मुलुखात शेतीशास्त्र शिकले, गदरच्या उभारणीत होते, पुढे मेक्सिकोत जाऊन मक्यावर काम केलं.

उगाच_शंका:

खानखोज्यांना तिथे १६० एकर मिळाली असती का?

ग्रंथकिडा:

चांगली शंका, यावेळी उगाच नाही. कायद्याची अट नागरिकत्वाची, आणि नागरिकत्व गोऱ्यांना. १८७० पासून आफ्रिकी वंशाच्यांनाही. चिनी माणसाने त्या मुलुखात रेल्वेचे रूळ टाकले पण त्याला नागरिक होता येत नव्हतं, म्हणजे होमस्टेडही नाही. आपल्या लोकांचं काही वर्षं तळ्यात-मळ्यात चाललं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही. त्याचा फटका कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांना बसला.

कृष्णवर्णीयांचं मात्र लिहायला हवं. १८७७ मध्ये केंटकीतून सुटलेले लोक कॅन्ससमध्ये आले आणि निकोडिमस नावाचं गाव वसवलं. पहिल्या हिवाळ्यात जमिनीत खड्डे करून राहिले. ते गाव अजून आहे.

साखळीवाला:

आता पाऊस.

नेब्रास्काच्या मधोमध कोझॅड नावाचं गाव आहे. तिथे मोठी पाटी आहे: १०० वं रेखांश. मुलाने मुद्दाम गाडी थांबवली. मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढला, सून म्हणाली, बाबा, ट्रक येतोय.

ढोबळमानाने या रेघेच्या पूर्वेला २० इंचांच्या वर पाऊस, पश्चिमेला कमी. २० इंच म्हणजे ५०० मिलिमीटर. कोरडवाहू, तुमचा माण तालुका जवळपास तिथेच येतो ना? आता १६० एकर हा आकडा ओहायोसारख्या ओल्या मुलुखात बसलेला. तिथे एवढी जमीन म्हणजे सुखवस्तू कुटुंब. तोच आकडा उचलून कोरड्यात लावला. गुरं चारायला अपुरी, आणि पाण्याशिवाय पिकवायला निरुपयोगी.

हे ओरडून सांगणारा एक माणूस होता. जॉन वेस्ली पॉवेल, युद्धात एक हात गमावलेला, १८६९ मध्ये कोलोरॅडो नदीतून होड्या घालून ग्रँड कॅन्यन पार केलेला. त्याने १८७८ मध्ये सरकारला अहवाल दिला: कोरड्या मुलुखात चौकोन विसरा. पाण्याखाली येईल तिथे ८० एकर पुरे, आणि चराईला २५६० एकर द्या. हद्दी ओढ्या-नाल्यांच्या कलाने पाडा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाणी येईल. मी हे वाचलं आणि खुर्चीत ताठ बसलो. आपला कमाल जमीन धारणा कायदा आठवा. बारमाही पाण्याची १८ एकर, कोरडवाहू ५४. पाणी बघून एकर ठरवायचे, हेच तर.

त्याचं कुणी ऐकलं नाही. रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या. सरकारने त्यांना रुळाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक सेक्शन दिलेले, बुद्धिबळाच्या पटासारखे. आणि 'नांगराच्या मागे पाऊस येतो' असं सांगणारे विद्वानही होते. माती उकरली की ओल हवेत जाते आणि ढग होतात म्हणे. १८७० आणि ८० च्या दशकात योगायोगाने काही वर्षं बरी गेली, त्यामुळे खरंही वाटलं.

कोरडवाहू:

मग १८९० नंतर कोरड पडली असणार.

साखळीवाला:

पडलीच. पश्चिम नेब्रास्कातून गाड्या भरून लोक परत निघाले. मग सरकार शहाणं होत गेलं, पण हप्त्याहप्त्याने: १९०४ मध्ये नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांसाठी ६४० एकर, १९०९ मध्ये इतर कोरड्या राज्यांत ३२०. तोवर बऱ्याच ठिकाणी नको तो माळ नांगरून झाला होता. १९३० च्या दशकात दक्षिणेकडे ती माती उडाली. १४ एप्रिल १९३५ ला दुपारी अंधार झाला.

एकूण चाळीस लाखांच्या आसपास दावे, त्यातले सोळा लाख पक्के झाले. बाकीच्यांचं काय झालं ते स्मारकात काचेखाली नाही.

कोरडवाहू:

आमच्या आईला अमेरिका म्हटलं की एकच आठवतं, ७२ च्या दुष्काळातली लाल मिलो. खडी फोडायच्या कामावर मिळायची. भाकरी धड थापली जायची नाही, पण पोटात पडायची. ती ज्वारी त्याच माळांवरची असणार, कॅन्सस-नेब्रास्काकडची. म्हणजे ज्या मुलुखाने पाऊस नसताना लोक परतवले, त्याने पुढे आम्हाला जगवलं.

वऱ्हाडी_ठेचा:

जमीन खालचं पाणी उपसून पिकवलेली, बाप्पा. तो हिशेब पुढे येणारच आहे.

ओमाहाकरीण:

एक सांगू? धाग्यात सगळे आहेत, पण ज्यांची जमीन होती ते अजून आलेले नाहीत.

ग्रंथकिडा:

त्याची तारीख देतो. ३ ऑगस्ट १८०४. सरकारने धाडलेले शोधप्रवासी लुईस आणि क्लार्क मिसूरी नदीवरून चालले होते. आदल्याच वर्षी फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला हा मुलुख घेतला होता, आपल्याकडे असईची लढाई झाली ते साल. ओमाहाच्या थोडं वर नदीकाठी त्यांनी पहिली औपचारिक बैठक घेतली ती ओटो आणि मिसूरिया लोकांशी. पदकं दिली, भाषणं झाली. फ्रीमनची जमीन याच लोकांच्या मुलुखातली. आधी त्यांना बिग ब्लू नदीवरच्या एका पट्ट्यात आणलं, आणि १८८१ मध्ये तिथूनही उठवून ओक्लाहोमाला. बैठकीपासून ७७ वर्षं.

उगाच_शंका:

पण सेटलर तरी काय करणार? युरोपातून उपाशी आलेला माणूस, सरकार म्हणतंय घे, तो घेणार. त्याला दोष देऊन काय उपयोग?

साखळीवाला:

दोष त्याला नाहीच देत. मी माझ्या जातीच्या माणसाला देतो, नकाशा काढणाऱ्याला. ऐका.

नायोब्रारा नदीकाठी पोंका नावाची टोळी. मका पिकवणारी, शांत. १८५८ च्या तहात सरकारने त्यांना तिथला एक पट्टा राखून दिला. दहा वर्षांनी, १८६८ मध्ये, सरकारने सू नावाच्या दुसऱ्या टोळीशी वेगळा तह केला आणि त्यांच्या हद्दीचं वर्णन लिहिताना पोंकांची जमीनही त्यातच टाकली. चूक! कुणी जुना कागद उघडूनच पाहिला नाही. लक्षात आल्यावर दुरुस्ती करायची की नाही? मालकालाच हलवायचं ठरलं. १८७७ मध्ये पोंकांना सैन्याच्या पहाऱ्यात ओक्लाहोमाकडे नेलं. तापाने माणसं भराभर गेली.

मी नोकरीत असताना एका तालुक्यात दोन गटांचे क्रमांक अदलाबदल झाले. फेर घेताना एका हाताची चूक. दोन घरं १९ वर्षं कोर्टात होती. एकाच्या बांधावरची चिंच दुसऱ्याने रात्रीतून तोडली. मी दुरुस्तीचा प्रस्ताव केला तेव्हा वरून विचारलं, तुम्हाला एवढी घाई का? त्यामुळे पोंकांची गोष्ट वाचली तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला.

ओमाहाकरीण:

पुढचं पान मी उलटते, आमच्या गावात घडलं म्हणून. पोंकांचा नायक स्टँडिंग बेअर. त्याचा मुलगा तिकडे मेला. मरताना म्हणाला, मला आपल्या नदीकाठी पुर. जानेवारी १८७९ मध्ये बाप मुलाच्या अस्थी घेऊन, तीसेक माणसांसह, बर्फातून उत्तरेला चालत निघाला. इकडे पोचल्यावर त्याला अटक. ओमाहात खटला उभा राहिला, आणि सरकारी वकिलाचा मुद्दा काय? की इंडियन, म्हणजे इथला मूळ रहिवासी, हा कायद्याच्या अर्थाने 'व्यक्ती' नाही, तेव्हा त्याला कोर्टात यायचा हक्कच नाही.

शेवटी स्टँडिंग बेअरने हात पुढे केला. दुभाष्यामार्फत जे सांगितलं ते असं: या हाताचा रंग तुमच्यासारखा नाही, पण टोचला तर मलाही दुखतं; रक्त येईल ते तुमच्याच रंगाचं. १२ मे १८७९ ला न्यायाधीश डंडी यांनी निकाल दिला: इंडियन ही व्यक्ती आहे, सोडा याला. मुलाला नायोब्राराकाठी पुरलं. आता वॉशिंग्टनच्या संसदभवनात नेब्रास्कातर्फे स्टँडिंग बेअरचा पुतळा आहे, २०१९ पासून.

चुलीपाशी:

वाचून गप्प बसले थोडा वेळ.

वऱ्हाडी_ठेचा:

न् त्यानंतरही थांबले नाहीत. १८८७ चा डॉझ कायदा. टोळीची सामाईक जमीन मोडून कुटुंबामागे पुन्हा तेच १६० एकर, उरली ती 'जादा' म्हणून बाहेरच्यांना. १८८७ ला त्यांच्याकडे १३ कोटी ८० लाख एकर होती, १९३४ ला ४ कोटी ८० लाख. आमच्याकडे गायरान असंच जातं. आधी मोजतात, मग 'पडीक' लिहितात.

कोरडवाहू:

साखळीवाले काका, हे एवढे चौकोन मोजले कसे? जीपीएस नाही, ड्रोन नाही. आणि सगळे बरोबर आले?

साखळीवाला:

कुठले बरोबर. मोजणी कंत्राटावर, मैलाच्या दराने पैसे, १९१० पर्यंत. मैलावर पैसे दिले की मोजणीदार कसा चालतो ते मला सांगू नका. काहींनी तंबूत बसूनच टिपणं भरली. झाडं नाहीत, दगड नाहीत तिथे कोपऱ्याला खड्डे खणून मधे मातीचा ढीग करायचे, खाली कोळसा पुरायचे. कोळसा कुजत नाही म्हणून.

आणि पृथ्वी गोल. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येतात, मग चौकोन अरुंद होत जातात. त्यावर उपाय म्हणून ठराविक अंतरावर आडवी रेघ मारून पुन्हा पूर्ण मापाने सुरुवात करायची. त्यामुळे इथे मैलोन्मैल सरळ जाणारा मुरमाचा रस्ता अचानक काटकोनात वळतो, जरा जातो आणि परत उत्तरेला लागतो. ना ओढा, ना घर, ना देऊळ. मुलगा म्हणाला, बाबा, हे वळण कशासाठी आहे कुणालाच माहीत नाही. मी गाडीतून उतरून त्या वळणावर उभा राहिलो. पृथ्वीच्या गोलाईचं माप पायाखाली.

साखळी मात्र आपली! इंग्रज गंटरची, ६६ फूट, १०० कड्या. ८० साखळ्या म्हणजे मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमाराला इंदापुरात मोजणी बसवली तेव्हा मुंबई इलाख्याची साखळी धरली ३३ फुटांची, गंटरच्या बरोबर निम्मी. तिचे भाग १६, म्हणून आणे. ३३ बाय ३३ चा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. इंदापूर आणि नेब्रास्का एकाच पट्टीने मोजलेत.

उगाच_शंका:

थांबा थांबा. ६६ फूट म्हणजे २२ यार्ड. म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी?

साखळीवाला:

तीच. खेळपट्टी म्हणजे गंटरची एक साखळी.

आणि इथले सेक्शन-रेघेवरचे रस्ते कुंपण ते कुंपण ६६ फूट धरलेले. तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. आज शनिवार, नातवाला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर गेलो. मी पावलांनी मोजलं, त्याने टेपने. टेप म्हणाला ६६ फूट ४ इंच, म्हणजे कुंपणवाल्याने चार इंच सोडलेत, आपल्याकडे दाबले असते. मग रस्त्याला आडवे दोन्ही कुंपणांशी मक्याची एकेक धाटं रोवली. त्याला बेसबॉलची बॅट तशी धरू नकोस, एवढं सांगण्यातच अर्धा तास गेला. तिसऱ्या चेंडूला पिकअप ट्रक आला. शेतकऱ्याने गाडी थांबवून काच खाली केली, दोन्ही धाटांकडे बघितलं आणि विचारलं, मोजणी चालू आहे का?

हो म्हणालो.